राजखारची पहिली पाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती? तर राजखारच्या बांधापाशी आज जी म्हातारी चिंच उभी आहे, तिची आजी तेव्हा चिंचोका होती. तेव्हा राजखारला राजखार म्हणत नव्हते. काय म्हणत, ते आता कुणालाच आठवत नाही. एका माणसामुळे गावाने आपलं जुनं नाव टाकून दिलं, त्या माणसाची ही गोष्ट. नीट ऐका, आणि मधे उठू नका, कारण मधे उठलात तर समुद्र आत येईल!

खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बेट होतं आणि त्या बेटावर एक लहानसं राज्य होतं. इतकं लहान, की राजा शिंकला तर शेजारच्या राज्यातली माणसं म्हणायची, कोण रे तो? गावात सगळी घरं गवताने शाकारलेली, राजाचं तेवढं कौलारू. मुकुट होता, पण तो बहुतेक वेळ खुंटीवरच असायचा. ही माणसं मुळातली इथली नव्हेत. पश्चिमेकडच्या देशांतून घोडे आणि खजूर घेऊन गलबतांनी आलेली, येशूला मानणारी. आली व्यापाराला, पण परतीचा वारा चुकला आणि खाडीकाठी राहिली ती राहिलीच. दोनचार पिढ्यांत भात लावायला शिकली, सुकट खायला शिकली. प्रार्थना तेवढी जुन्या भाषेत करायची, भांडण मात्र इथल्या भाषेत.

या लोकांची सगळी दौलत म्हणजे एक बांध. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला खारात, म्हणजे खाडीकडून मिळवलेल्या जमिनीत, हिरवंगार भात आणि मधे चिकणमातीचा तो बांध, एका वेळी एकच माणूस चालेल एवढा अरुंद. बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं, की तीन पावसाळे तिथे दाणा उगवत नाही. म्हणून लोक बांधाला आई म्हणायचे. आणि आईच्या अंगावर कुणी हत्यार घेऊन जातं का? बांधावर लोखंड न्यायचं नाही, असा नियम होता. बांधाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक क्रूस होता. कोयता, सुरी, तलवार, जे असेल ते त्याच्या पायथ्याशी ठेवायचं, वहाणा काढायच्या आणि मगच पुढे जायचं. दुसरा नियम असा, की मातीने भरलेली पाटी डोक्यावर घेतली की ती थेट बांधावरच रिकामी करायची. वाटेत उतरवायची नाही, आणि दुसऱ्याच्या भरल्या पाटीला हात लावायचा नाही. भरली पाटी उतरली की बांध उतरतो, असं म्हणतात.

हे नियम सांभाळायला होती सोसनकाकी. विधवा बाई, हाडाने काटक, जिभेने त्याहून काटक. बांधात पाणी सोडायचं एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची आणि भरतीला लावायची, हे काकीचं काम. येणाऱ्याजाणाऱ्याची कंबर चाचपायची, हेही तिचंच काम. तिच्या तावडीतून राजासुद्धा सुटत नसे.

राजा होता साबोर. तो राजा कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे. आधीच्या राजाला मूलबाळ नव्हतं. पुतणे दोन, साबोर आणि मिरवान. मग जाणत्यांनी ठरवलं, की एक दिवस न सांगता शिंग फुंकायचं, आणि दोघांपैकी जो बांधावर आधी पोचेल तो राजा. शिंग वाजलं तेव्हा साबोर जेवत होता. तो उष्ट्या हातानेच धावत सुटला. मिरवान आपल्या जरीच्या वहाणा शोधत बसला. वहाणा घालून तो क्रूसापाशी पोचला, तर सोसनकाकी म्हणाली, "काढ त्या." तो पोचेपर्यंत गावचा लंगडा शेळीवालासुद्धा पुढे गेला होता. लोक हसले. हसणारे घरी जाऊन विसरले. ज्याला हसले तो काही विसरला नाही.

साबोरने गुडघाभर चिखलात उभं राहून राजाची शपथ घेतली. शपथ एवढीच होती: "बांध फुटला तर माझं अंग आडवं." मग त्याने पहिली पाटी टाकली. त्या दिवसापासून बांधाचं काम निघालं की पहिली पाटी साबोरची, आणि त्याच्यानंतर गावाची. काकीला तो पोरासारखा होता. जाता येता तिच्या झोपडीत डोकावून "काकी, पेज हाय का?" असं विचारायचा, आणि असली तर मडक्याला तोंड लावूनच प्यायचा. राजा कसला, खादाड पोर! पण त्याच्या राज्यात कुणी उपाशी निजलं नाही, असं म्हणतात.

आणि मग आली श्रावणातली अमावस्या.

तुम्ही खाडीकाठचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. अमावस्येची भरती ऐन दुपारी चढते, आणि श्रावणातली तर अशी चढते की विचारू नका! शेतात भात पोटरीला आलेलं, आता लोंब्या फुटायच्या बेतात. वारा असा, की माणसाने तोंड उघडलं तर बोलणं परत घशात जावं. सोसनकाकी उघाडी लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत बांधाचा एक लचका तुटून पाण्यात गेला. खांड पडली! काकीने शिंग फुंकलं. गाव धावत सुटलं. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या डोक्यावर पाटी, बायकांनी पोरं ओसरीवर टाकली आणि पदर खोचले.

सगळ्यांच्या पुढे साबोर. त्याच्यामागे त्याचा अंगरक्षक बहराम, कमरेला तलवार. काकीने हात आडवा केला.

"तलवार खाली ठेव."

"काकी, आज तरी सोड. राजाच्या मागे कुणीतरी हत्यारबंद नको?"

"आईच्या अंगावर तलवार घेऊन जातोस? ठेव म्हणते ना!"

बहराम घुटमळला. साबोर हसला आणि आपल्या कमरेची सुरी काढून त्याने आधी क्रूसाशी ठेवली. "ठेव रे बाबा. समुद्र परवडला, काकी नाय परवडत."

तेवढ्यात मिरवान आला. अनवाणी! डोक्यावर मातीची भरलेली पाटी घेऊन! काकीचा डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढ्या वर्षांत याच्या पायाला चिखल लागलेला कुणी पाहिला नव्हता. तिने त्याची कंबर चाचपली, बाह्या चाचपल्या. काही नव्हतं. पाटी मात्र तिने पाहिली नाही, कारण भरल्या पाटीला हात लावायचा नसतो. सगळे बांधाजवळच्या खड्ड्यातली माती उचलत असताना हा घरून पाटी भरून का आला, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिला वाटलं, सुधारला पोरगा. "जा बाबा, जा लवकर," असं म्हणून तिने त्याला वाट दिली.

बांधावर रांग लागली. पुढे साबोर, त्याच्यामागे मिरवान, मग बहराम, मग अख्खं गाव. काकी खाली उघाडीपाशी होती. तिला वर मिरवानची पाठ दिसत होती. साबोरने पहिली पाटी टाकली, "येशूबाप्पा, राख!" असं ओरडून. तो मागे वळला. मिरवानने पाटी डोक्यावरून उतरवली, मातीत हात घातला आणि वाकला. आणि वाऱ्याबरोबर खाली आलेला राजाचा आवाज एकट्या काकीने ऐकला. ओरडणं नव्हतं ते. घाईच्या कामात धाकट्या भावाला दटावावं, तसं तो बोलला:

"आधी पाटी टाक, मिरवान. पाणी आत येतंय."

आणि साबोर खांडीत पडला. आडवा पडला, शपथेत म्हटलं होतं तसा. आणि पाणी थांबलं! अंगणात शिरणारी गाय घरच्या माणसाला पाहून थबकते, तसा तो एवढा समुद्र त्याच्यापाशी थबकला. असं म्हणतात, लाटा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि एक थेंब आत आला नाही. बहराम उडी मारायला पुढे झाला, पण दोन्ही बाजूंची माती आपोआप सरकली आणि बांधाने राजाला पोटात घेतलं. मिरवान ओरडत होता, "घसरला! राजा घसरला!" लोक रडत होते आणि पाट्या टाकत होते. रडणं थांबेना आणि पाट्याही थांबेनात. भरती उतरली तेव्हा बांध पूर्वीपेक्षा हातभर उंच झाला होता. भाताचं एक पानसुद्धा खारं झालं नाही.

त्यानंतर सोसनकाकी मनात तेच तेच घोळवत राहिली. पाय घसरलेला माणूस "अरे धरा" म्हणतो. मागच्याला "आधी पाटी टाक" असं कोण म्हणतं? आणि आधी म्हणजे कशाच्या आधी? पण लगेच तिचं दुसरं मन म्हणायचं, बांधावर लोखंड गेलंच नव्हतं. मीच तर चाचपलं होतं सगळ्यांना. या नियमावर तिचा इतका विश्वास, की स्वतःच्या कानांवरचा उडाला. आणि मग एके सकाळी ती आपल्या दारातून डोक्यावर पाटी घेऊन निघाली, आणि तिथेच थबकली. पाटी! मातीत काय काय लपतं!

ती बहरामकडे गेली. ऐकून बहराम असा उठला, की त्याच्या बसायच्या पाटाचे दोन तुकडे झाले. "चल, बांध उकरू! राजाचं अंग बाहेर काढू. जखम दिसेल. सुरीही तिथंच असंल."

काकी त्याच्या वाटेत उभी राहिली. "उकरलास तर पाणी आत येईल. भात जाईल, गाव जाईल. ज्याच्यासाठी तो आडवा झाला तेच बुडवणार हायस?"

"मग खुनी राजा होऊ दे?"

ती ढसाढसा रडली. "तुझी तलवार मी ठेवायला लावली रे. माझ्या हाताने मी त्याला उघडा केला."

मिरवानने सगळं बरोबर जोखलं होतं. पुरावा बांधाच्या पोटात, आणि बांध उकरायचा तर पोटावर पाय. तो निर्धास्त झाला. पुढल्या अमावस्येला आपण शपथ घेणार, असं त्याने दवंडी पिटून सांगितलं.

पण मधल्या दिवसांत एक नवल घडलं. जिथे साबोर आडवा झाला होता, तिथेच बांधाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूला, पाणी पाझरू लागलं. लोक धावत आले. बांध गळतोय की काय? लंगड्या शेळीवाल्याच्या शेळ्या त्या पाण्याला तोंड लावून बसल्या, उठेनात. त्याने ओंजळभर पिऊन पाहिलं आणि कुबडी टाकून बोंब ठोकत गावभर पळत सुटला, "गोड हाय! पाणी गोड हाय!" तो गावाला दोन फेरे घालून आल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, की अरे, हा लंगडा होता! असं म्हणतात. तुमचा विश्वास नसेल तर नसू दे, ती कुबडी राजखारच्या येशूच्या देवळात अजून टांगलेली आहे.

तर आली अमावस्या. ऐन दुपार. भरती चढत होती. मिरवान जरीचा अंगरखा घालून आला. क्रूसापाशी त्याने वहाणा काढल्या आणि खड्ड्यातली माती भरलेली पाटी डोक्यावर घेतली. सोसनकाकीने त्याच्याकडे पाहिलं आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. तिने त्याच्या भरल्या पाटीत हात घातला, कोपरापर्यंत. लोक हबकले. पाटीत माती होती, नुसती माती.

"काय काकी," मिरवान हसून म्हणाला, "भरल्या पाटीत हात? तूच नियम मोडायला लागलीस?"

काकीचं तोंड एवढंसं झालं. लोक कुजबुजले, म्हातारीला वेड लागलं. मिरवान बांधावर गेला, साबोर आडवा झाला त्या जागी गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि म्हणाला, "बांध फुटला तर माझं अंग आडवं." आणि त्याने पाटी पालथी केली.

माती घरंगळून खाडीत गेली.

असं कधी झालं नव्हतं. त्याने दुसरी पाटी मागवली. तीही गेली, तव्यावरून धिरडं सरकावं तशी! तिसरी तर त्याने दोन्ही हातांनी थापली, पायांनी तुडवली. ती गेलीच, शिवाय जाताना बांधाची खालची मातीही घेऊन गेली. आणि त्या जागी, मिरवानच्या पायाच्या अंगठ्यापाशी, काहीतरी लाल चमकलं. पोवळं जडवलेली सुरीची मूठ! आजोबांनी मिरवानला दिलेली. ती मूठ गावात कुणी पाहिली नव्हती असं नाही.

"बांधात लोखंड!" पहिली ओरडली ती काकी. आणि मग अख्खं गाव ओरडलं, "बांधात लोखंड! बांधात लोखंड!"

बहराम वाघासारखा झेपावला. त्याने सुरी उपसली. पण सुरी निघाली त्या भोकातून मनगटाएवढी पाण्याची धार आत उडाली. बघता बघता ती मांडीएवढी झाली. इकडे बहरामने मिरवानची मानगूट धरलेली, सुरी उगारलेली. मागे गाव ओरडतंय, "मार! मार!" कुणाचंही पाण्याकडे लक्ष नाही. समुद्र आत शिरतोय आणि सगळे एका माणसाकडे बघतायत!

सोसनकाकी चिखल तुडवत वर चढली आणि दोघांच्या मधे घुसली. म्हातारीचा आवाज तो केवढा, पण वाऱ्यावर मात करून शेवटच्या माणसापर्यंत गेला, असं म्हणतात.

"ऐका! राजाचं शेवटचं बोलणं मी ऐकलंय. पोटात सुरी घुसल्यावर तो काय बोलला, सांगू? यालाच बोलला. शिवी नाय दिली. शाप नाय दिला." ती मिरवानकडे वळली. "आधी पाटी टाक, मिरवान. पाणी आत येतंय."

मिरवानचा चेहरा पांढराफटक पडला. ते शब्द त्याच्याशिवाय कुणी ऐकले नाहीत अशी त्याची समजूत होती. महिनाभर त्याच्या कानांत दुसरं काही वाजलंच नव्हतं. जवळ पाटी नव्हती. त्याने बहरामच्या हाताला हिसडा दिला आणि त्या भोकात स्वतःला झोकून दिलं. पाठ धारेला लावली, हात दोन्हीकडे पसरले आणि तो ओरडला, "टाका! माझ्यावर टाका!"

आणि गावाने पाट्या टाकल्या. कसल्या टाकल्या! खड्ड्यापासून बांधापर्यंत माणसांची साखळी झाली, पाट्या हातोहात उडू लागल्या, म्हातारे आले, पोरं आली, नव्या नवरीने शालूचा ओचा करून माती आणली. मिरवान कमरेपर्यंत गाडला गेला, मग छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. आता आणखी एक पाटी पडली की संपलं. त्याने डोळे मिटले.

बहराम सुरी घेऊन वर उभा होता. त्याला काही करायला नको होतं. नुसतं उभं राहायचं होतं. त्याने एकदा सुरीकडे पाहिलं, एकदा काकीकडे पाहिलं. मग सुरी त्याने खाडीत दूर भिरकावली, कारण चिखलात रुतलेल्या माणसाला एका हाताने ओढता येत नाही. दोन्ही हात घालून, दात खाऊन त्याने मिरवानला बाहेर ओढलं. त्याच्या जागी माती आपोआप बसली. या वेळी घरंगळली नाही. भरती उतरली. बांध राहिला. भातही राहिलं!

मिरवान बांधावर बसून लहान मुलासारखा रडला. सगळं कबूल केलं त्याने, मागच्या अमावस्येच्या भरतीआधी, रात्री काकीची नजर चुकवून, बांधात पहार घालून खांड पाडली तेसुद्धा. गावाने त्याला मारलं नाही. पण राजाही केलं नाही. पुन्हा कुणालाच केलं नाही. मुकुट देवळात नेऊन ठेवला, त्यात चिमण्यांनी घरटं केलं. मिरवान पुढे जन्मभर बांधावर माती वाहत राहिला, रांगेत सगळ्यांच्या शेवटी, लंगड्या शेळीवाल्याच्या मागे. शेळीवाला आता लंगडत नव्हता, पण जागा तीच.

एक गोष्ट राहिली. बहराम म्हणाला, "काकी, आता तरी नियम बदल. बांधावर एक तलवार असू दे." काकीने रात्रंदिवस स्वतःला तोच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "नको बाबा. तलवार असती तर साबोर वाचला असता, असं मलाबी वाटतं. फार वाटतं. पण मंग दुसऱ्या अमावस्येला मिरवानच्या हातातबी तलवार असती, आणि भांडता भांडता गाव बुडालं असतं. राहू दे नियम." आणि तिने पुन्हा कंबरा चाचपायला सुरुवात केली, पण त्या दिवसापासून पाटीही बघू लागली.

दूरदूरच्या गलबतांवरची माणसं त्या झऱ्याचं पाणी न्यायला येऊ लागली. साबोरला संत म्हणू लागली. "कुठलं गाव?" "राजा खारात आडवा झाला ते." त्याचंच पुढे राजखार झालं.

आजही श्रावणातल्या अमावस्येला, भर दुपारी, राजखारची माणसं अनवाणी बांधावर जमतात. कोयते, सुऱ्या, खिशातल्या किल्ल्यासुद्धा क्रूसाशी ठेवतात. रांगेत सगळ्यांच्या पुढे एक जागा मोकळी सोडतात आणि तिथे भरलेली पाटी ठेवतात. ती साबोरची. तिला कुणी हात लावत नाही, भरती येते आणि स्वतः घेऊन जाते. मग गाव पाट्या टाकतं. शेवटची पाटी मिरवानची. ती दोन माणसांनी मिळून उचलायची असते, आणि त्या वर्षी गावात ज्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असेल, तीच दोघं त्यासाठी पुढे काढतात. सख्खे भाऊ असोत, सासूसून असो, सुटका नाही.

आणि बाकीच्या वर्षभरात गावात कुठे शेताच्या बांधावरून, वाटणीवरून, कोंबडीवरून जुंपली, हातघाईवर आली, तर तिसरा माणूस मधे पडून न्याय करत बसत नाही. तो एवढंच म्हणतो, "आधी पाटी टाक. पाणी आत येतंय."

मग दोघंही थांबतात, आणि एकदा बांधाकडे बघतात.